बाजाराला पाणी दाखवणाऱ्या अनसूयाबाई

अनसूयाबाईंची आणि माझी पहिली भेट बैलाच्या घुंगरमाळेमुळे झाली. हैदराबाद संस्थान विलीन होऊन फार काळ लोटला नव्हता. आपल्या शहराच्या नगरपालिकेचा सेक्रेटरी म्हणून मी गंगाखेडहून नुकताच बदलून आलो होतो. जुनी माणसे नगरपालिकेला अजून बलदियाच म्हणत. खुर्चीवर नीट टेकलोही नव्हतो, तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई चपराशाला बाजूला सारून आत आल्या आणि पितळी घुंगरांची एक माळ त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पितळ हिरवे पडले होते.

"सायब, ही वाजवून बघा," त्या म्हणाल्या.

"बाई, हे ऑफिस आहे."

"म्हनून तर हितं आणली. दुकानात वाजंना. बैलच न्हाईत तर वाजवायचं कुनी?"

मी माळ परत देऊ लागलो. त्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. बाजार परत आला की आणून द्या," असे म्हणून त्या निघून गेल्या. चपराशी दारात उभा राहून गालात हसत होता. मला संताप आला होता, आणि माळ मात्र माझ्या टेबलाच्या खणात जाऊन पडली होती.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बाईंचे दुकान बैलांच्या साजाचे. कासरे, वेसणी, झुली, गोंडे, घुंगरमाळा. थट्टेने लोक त्यांना बैलांचे सराफ म्हणत आणि बाईंना ते आवडे. यजमान वारल्यावर दुकान बंद करून माहेरी जा, असे भावकीने सांगितले होते. बाई गेल्या नाहीत. दुकान चालत होते ते आठवडी बैलबाजारावर. पोखर्णीकडून, चुडाव्याकडून, पार गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठावरून हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, आदल्या दिवशीच मुक्कामाला येत. त्यांच्या जिवावर दोर वळणारे, नालबंद, झुली शिवणारे शिंपी, कडबा विकणारे आणि दोन खानावळी अशी एक सबंध गल्ली पोट भरत होती.

या सगळ्यांना पाणी पाजत होती बाजारतळावरची बारव. पायऱ्यांची, चिरेबंदी, जुनी विहीर. संस्थानच्या शेवटच्या धामधुमीत तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. आधी कचरा पडला, मग कडेची भिंत ढासळली, मग गाळाने झरे बुजले. शहरातल्या बाकीच्या विहिरी खाऱ्या, जनावर तोंड लावून मान फिरवते. माणूस एक वेळ समजुतीने तहान मारतो, बैलाची समजूत कोण घालणार? हेडी हळूहळू नदीकाठच्या एका खेड्यात जाऊ लागले आणि बाजार त्यांच्या मागे गेला. गल्लीतली कुलपे एकामागून एक लागत गेली. नालबंद परभणीला गेला, शिंपी हैदराबादला गेला. मी रुजू झालो तेव्हा त्या गल्लीत फक्त अनसूयाबाईंचे दुकान उघडे होते, आणि त्यातही गिऱ्हाईक नव्हते.

बाई अर्जी घेऊन येत राहिल्या. बारवेतला गाळ काढा, एवढीच अर्जी. आमच्या सभेत दोन मते होती आणि दोन्ही बाईंच्या विरुद्ध होती. एक मत असे की, बारव दुरुस्त करणे हे धर्मकार्य आहे, ते कुणी पुण्यवानाने करावे. दुसरे असे की, बाजार हा खाजगी धंदा आहे, त्यासाठी बलदियाने का राबावे? शहराच्या भरभराटीवर भाषणे मात्र प्रत्येक सभेत होत. कुणाला जिनिंग हवे होते, कुणाला टाउन हॉल. एकदा सभा चालू असताना बाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पानी आलं की बाजार यील. बाजार आला की शहर वाढंल. तुमी उलटं करायलात. शहर वाढू द्या म्हनता, मग पानी बगू म्हनता. पेरायच्या आधी कुनी खळं करतं का?" अध्यक्षांनी घंटी वाजवली. बाई गेल्या नाहीत, तेव्हा अध्यक्षांनी सभाच संपवली.

मग बाईंनी इर्जिक घातले. आपल्याकडे एखाद्याची नांगरट अडली की गाव आपापले बैल-औत घेऊन त्याच्या शेतात उतरते आणि तो सगळ्यांना जेवू घालतो, त्याला इर्जिक म्हणतात. इर्जिक शेताचे असते. विहिरीचे इर्जिक कुणी ऐकले नव्हते. बाई आसपासच्या वस्त्यांवर स्वतः पायी फिरल्या आणि शेतकऱ्यांना म्हणाल्या, "गाळ म्हंजी खत हाय. ज्यानं खोदला त्यानं न्यावा. गाडी तुमची, घमेलं तुमचं, भाकर माझी." उन्हाळ्याचे रिकामे दिवस होते. पहिल्या दिवशी चार-दोन गाड्या आल्या; पुढे बाजारतळावर गाड्यांची रांग लागू लागली. बाई चुलीपुढे बसत नव्हत्या. भाकरी भाजायला बायका लावून त्या स्वतः पायरीवर उभ्या राहून गाळाची घमेली पुढे देत. त्या बायकांत माझी पत्नीही होती. घरी येऊन ती मला म्हणाली, "तुमच्या बलदियाला आज भाकरी मिळणार नाही." दुसऱ्या दिवशी मी ऑफिस सुटल्यावर धोतर खोचून बारवेत उतरलो.

एकेक पायरी उघडी पडत गेली. आणि ऐन तळाशी, झऱ्याला पाणी लागले त्याच दिवशी, गाळातून एक दगडी नंदी निघाला. मुस्काट जरा झिजलेले, वशिंड मात्र शाबूत. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, हलगी वाजली, बाईंनी हळदकुंकू वाहिले. त्या दिवशी मला वाटले, आता सगळे मार्गी लागले.

मार्गी कुठले लागते! भुसाराचे आडत दुकानदार किसनराव तेव्हा आमचे मेंबर होते. आज ते बाईंच्या सत्कारासाठी नेमलेल्या आपल्या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे पुढचे मी त्यांना विचारूनच लिहितो आहे. ते मनाने अत्यंत भाविक. बारवेच्या कडेला तयार दगडी ओटा पाहून त्यांनी नंदी तिथे बसवला, वर छप्पर घातले, रोजच्या पूजेची व्यवस्था लावली. तो ओटा म्हणजे मोटेचे थारोळे होते. मोट वर आली की तिचे पाणी थारोळ्यात पडायचे आणि तिथून पाटाने जनावरांच्या हौदात जायचे. आता थारोळ्यात देव बसला होता. देवावर चामड्याची मोट कशी रिकामी करणार? देव जिथून निघाला त्या पाण्यात दोर-बादल्या तरी कशा सोडणार? बघता बघता बारवेचे तीर्थ झाले. सकाळी एक तांब्या पाणी नंदीच्या पाठीवर पडे आणि बाकीचे सगळे पाणी नुसते चमकत राही.

बाईंनी आधीच नदीकाठच्या गावी जाऊन हेड्यांना आवतण दिले होते. ठरल्या दिवशी ते बैल घेऊन आले. बैल पाण्याच्या वासाने कान टवकारून उभे, आणि पायरीवर आमचेच लोक हात जोडून म्हणतात, जनावर लांब धरा, विटाळ होईल. दगडाच्या बैलापायी जिवंत बैल तहानेले राहिले. अशी चूक करायला मूर्ख माणसे पुरत नाहीत, त्याला भली माणसेच लागतात. एका म्हाताऱ्या हेड्याने बाईंना विचारले, "बाई, चेष्टा करायला बलिवलं व्हतं का आमाला?" तो बाजार उठून आल्या वाटेने परत गेला. बाईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले ते त्या एकाच दिवशी.

मला वाटले, बाई किसनरावांशी भांडतील.  बाईंनी दुकान बंद केले. पोळा जवळ आला होता. ज्यांचे वर्षाचे पोट पोळ्यावर चालते त्यांनी पोळ्याच्या तोंडावर कुलूप लावायचे, म्हणजे आपल्याच ताटावर पाय द्यायचा. मी समजूत घालायला गेलो. बाई उंबऱ्यावर बसून सुताचे गोंडे वळत होत्या. "बाई, खाल काय?" मी विचारले.

"ते बगू. ज्या गावात बैलाला पानी न्हाई, त्या गावात मी बैलाचा साज इकनार न्हाई."

"मग गोंडे कशाला वळायलात?"

"पानी यील तवा लागतील की!"

एवढे बोलून त्यांनी पुढचा धागा दातात धरला. जिद्द हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. पण जिद्द म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ते बंद दुकान आणि तो वाढत जाणारा गोंड्यांचा ढीग येतो.

गावात कुरबुर सुरू झाली. पोळ्याला जुन्या कासऱ्यावर बैल मिरवणे म्हणजे शेतकऱ्याची बेइज्जती. ज्याला त्याला परभणी गाठणे परवडत नव्हते. जो तो बाईंच्या दारात जाई आणि बाई त्याला किसनरावांच्या दाराकडे बोट दाखवत. वेशीत पहिला मान किसनरावांच्या बैलजोडीचा. खांदेमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, किसनराव स्वतः गल्लीत आले. मी तिथेच होतो. गल्लीभर माणसे जमली.

"अनसूयाबाई, दुकान उघडा," किसनराव म्हणाले.

"मालक, तुमी बारव उघडा."

"देवाला उठवू म्हनता का?"

"न्हाई. देवाला हलवायचं न्हाई. देव हाय तितंच बसू द्या, पानी त्येच्या अंगावरून जाऊ द्या." बाई उठून उभ्या राहिल्या. "आज खांदेमळणी हाय. तुमच्या बैलाला आज तांब्याभर पान्यानं आंघूळ घालनार का, मालक?"

"तांब्यानं कशी? अंगभर पानी लागतं."

"मग ह्येला का तांब्यानं? इतकी सालं गाळात बसून निघालाय त्यो. त्येच्या अंगावर मोट पडू द्या. नंदीची आंघूळ झाली की तेच पानी पाटानं हौदात जाईल, बैलं पितील. तुमच्या देवाला अभिषेक बी हुईल, आन्‌ माज्या बाजाराला पानी बी."

 किसनरावांनी अडचण काढली ती त्यांच्या स्वभावाला धरून होती. "चामडं नको देवावर."

"मोट लोखंडाची करू. चामड्याचा तुकडा लागू द्यायची न्हाई."

"करील कोन? आपला लोहार तर गाव सोडून गेलाय."

"त्येला मी कालच निरोप धाडलाय," बाई म्हणाल्या.

गल्लीत हशा पिकला आणि सगळ्यांत आधी हसले ते किसनराव. लोहार परत आला, त्याचे पहिले काम ती मोट. पोळ्याच्या दिवशी ती तयार नव्हती, म्हणून माणसांनी बादल्या ओढून नंदीला न्हाऊ घातले आणि तेच पाणी गावातले बैल प्याले. बाईंनी दुकान उघडले तेव्हा गोंड्यांचा तो ढीग दुपारपर्यंत संपला होता. मोट लागली त्या दिवशी धावेवर, म्हणजे मोट ओढणारे बैल चालतात त्या उतारावर, पहिली जोडी किसनरावांची होती आणि कासरा त्यांच्या स्वतःच्या हातात होता. पाणी नंदीच्या वशिंडावर आदळून पाटात वळले, तेव्हा त्यांनी फेटा काढून डोळे पुसले. हे वाक्य गाळा, असे ते मला म्हणाले. मी गाळलेले नाही.

पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला. पाटाच्या तोंडाशी घागरी भरायला सारे गाव येऊ लागले, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका आपल्या घागरी घेऊन लांब उभ्या राहिल्या. कायदा झाला होता, पण कायदा घागर भरून देत नाही. कुणीतरी मला सुचवले, सेक्रेटरीसाहेब, त्यांच्यासाठी खाली वेगळा हौद बांधा, वाद नको. बाईंनी ते ऐकले. त्या लांब उभ्या बायकांपाशी गेल्या, त्यांना हाताने पाटाशी आणले, त्यांच्या घागरी भरू दिल्या आणि शेवटी आपली घागर तिथेच भरून डोक्यावर घेतली. "हौद एकच ऱ्हाईल," एवढेच त्या मला म्हणाल्या. काही घरांनी बाईंच्या दुकानाची पायरी काही महिने चढली नाही. बाईंनी त्यांची वाट पाहिली, माफी मागितली नाही. शेवटी ती माणसेही आली, कारण बाईंच्या कासऱ्याचा पीळ दुसऱ्या कुणाला जमत नाही.

बाजार परत आला तो एकदम नाही. आधी तोच म्हातारा हेडी एक जोडी घेऊन बघायला आला. त्याने बैलांना पोटभर पाजले, हौदात स्वतःचे तोंड धुतले आणि पुढच्या बाजाराला आपले सोयरेधायरे घेऊन आला. मग कडबेवाले आले. खानावळीची चूल पेटली. शिंपी हैदराबादहून पत्नीसह परतला आणि आता त्याच्या दुकानात झुलींबरोबर शाळेचे गणवेशही शिवले जातात. बाजाराच्या गाड्यांसाठी रस्ता झाला, रस्ता झाला म्हणून मोटारी येऊ लागल्या, मोटारी आल्या म्हणून कापसाचे जिनिंगही इथेच निघाले. सभेत ज्यांनी भरभराटीवर भाषणे केली होती त्यांना ती अखेर बघायला मिळाली. ती एका गाळाच्या घमेल्यापासून सुरू झाली, हे मात्र भाषणात कुणी सांगत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

जिनिंगवाल्यांनी पुढे बारवेवर इंजिन बसवायची मागणी केली. आम्हाला कारखाना हातचा जाऊ द्यायचा नव्हता. बाई कारखान्याच्या विरुद्ध नव्हत्या. त्यांच्या गल्लीतली किती तरी पोरे तिथे कामाला होती. त्यांनी दोन अटी घातल्या. हौद भरून वाहिल्याशिवाय इंजिन सुरू व्हायचे नाही. आणि दरसाल उन्हाळ्यात गाळाच्या इर्जिकाला कारखाना बंद ठेवून मालकासकट सगळ्यांनी बारवेत उतरायचे. मालक हसून हो म्हणाले. त्यांना वाटले, बाई विसरतील. आता दर उन्हाळ्यात त्यांचे पांढरेशुभ्र धोतर गाळाने भरलेले आपण सगळे बघतो.

बाईंच्या प्रेमाचा एक अनुभव सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमची मुलगी झाली तेव्हा मी आणि माझी पत्नी या गावात नवखेच होतो, जवळचे माणूस कुणी नव्हते. बाळंतपणात बाई रात्रंदिवस घरी राहिल्या. बारशाला त्यांनी पाळण्यावर बांधायला वासराच्या गळ्यातली लहान घुंगरे आणली. पत्नीच्या माहेरची माणसे एकमेकांकडे बघू लागली. बाई म्हणाल्या, "हसा. वासरू हरपत न्हाई ह्या आवाजानं." मुलगी आता शाळेत जाते. ती घुंगरे तिने अजून कुणाला देऊ दिलेली नाहीत.

आणि ती हिरवी पडलेली माळ? बाजार पुन्हा भरला त्या दिवशी मी ती खणातून काढली, चिंच लावून घासली आणि दुकानात नेऊन दिली. बाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "बलदियाला काय तरी चमकवता येतं म्हनायचं," त्या म्हणाल्या. ती माळ पोखर्णीच्या एका शेतकऱ्याने आपल्या नव्या बैलासाठी नेली. माळ वाजत वाजत माझ्या ऑफिसच्या खिडकीखालून गेली तेव्हा मी लेखणी खाली ठेवून ऐकत बसलो होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून मोठे समाधान मला दुसरे मिळालेले नाही.

या काळात आपण हैदराबाद राज्यात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, आता महाराष्ट्रात आलो. ऑफिसातले शिक्के बदलले, सरकारी भाषा बदलली, माझ्या खुर्चीमागच्या तसबिरी बदलल्या. बाई मात्र दरवेळी तीच अर्जी घेऊन येतात. गाळ कधी काढायचा?

समितीने त्यांना जन्मसाल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "साठ असंल, पासष्ट असंल. लिवा तुमच्या मनानं." आम्ही साठ धरले. शाल-श्रीफळ नको, असे त्यांनी आधीच बजावले आहे. तुम्हाला हवे तरी काय, असे विचारले तर सांगितले, समदी एकदा बारवेत उतरा. त्यामुळे हा गौरवग्रंथ टाउन हॉलमध्ये नव्हे, बारवेच्या तळात, यंदाचा गाळ निघाल्यावर त्यांच्या हाती द्यायचा असे ठरले आहे. प्रमुख पाहुण्यांना तशी कल्पना दिली आहे; त्यांचा होकार अजून यायचा आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी बाईंना वाचून दाखवला. वळत्या दोराचा पीळ न सोडता त्यांनी तो ऐकला. शेवटी म्हणाल्या, "लय लांबड लावली, सायब. घमेलं ज्यानं त्यानं आपलं आणायचं, ते लिवलं का?"

लिहितो. अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी, सकाळी, ज्याने त्याने आपले घमेले घेऊन बारवेवर यावे. अनसूयाबाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या आहेत तोवर या गाळातून आपली कुणाचीच सुटका नाही. आणि ती सुटका आपल्याला फार फार वर्षे मिळू नये, एवढेच माझे मागणे आहे.